राहू द्या म्हणाली

गणपती पेठेत सन्मती बेडगेच्या झेरॉक्सच्या दुकानात,
मागच्या खोलीत, टोनरच्या रिकाम्या खोक्यांखाली
त्याच्या आजोबांच्या निगेटिव्ह आहेत.
पुरात तळची रांग गेली. काचेला काच चिकटली,
कुठला नवरा कुठल्या नवरीचा, आता सुटत नाही.
वरच्या तीन पेट्या तेवढ्या राहिल्या.
"बघ की," तो म्हणाला, "आमच्यात कोण बघतंय.
फक्त क्रम मोडू नको."
क्रम कसला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते
आणि इतरांचेच फोटो काढत होते.
लायब्ररीत सोमवारी एक जपानी बाई सापडली, की आठवडाभर
माझी कृष्णा धूसर व्हायची.
मग कुणी पोलंडचा म्हातारा, ज्याला कोपरेच आवडायचे,
की आमच्या घरातले सगळे कोपरे संपायचे.
आयर्विन पूल चाळीस तऱ्हांनी काढला,
चाळीसही पूल दुसऱ्यांचे.
मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बाया,
तिरपं ऊन, पापण्यांवर पिवळी धूळ:
ढोबळे सरांनी प्रिंट लांब धरून पाहिला.
"छान आहे. मागच्या वर्षीही छान होता.
मुलाचं नाव तेवढं वेगळं होतं."

मोबाईलचा पांढरा उजेड लावून
मी बेडगे आजोबांच्या काचा एकेक करून बघत गेले.
काळे दात, पांढरे केस झालेली पोरं,
रेल्वेचा शिपाई, टोपीसकट.
भिंगाखाली दिसल्या पेन्सिलीच्या खुणा,
मुंगीच्या पावलाएवढ्या, गालभर.
देवीच्या व्रणांचा एकेक खड्डा
त्यांनी शिसानं बुजवलेला.

आणि पाकिटांवर शाईत, उजवीकडे झुकलेलं अक्षर:
'कवठेपिरान. मुलगी धाकटी. व्रण काढा म्हणाले.'
'शिपाई. मिशी जरा भरा म्हणाला.'
'बाळ झोपलेले. उठवू नका म्हणाले.'
'चंपाबाई, वय तीस. व्रण राहू द्या म्हणाली.'

चंपाबाईची काच मी किती वेळ धरून होते.
पेन्सिल कुठेच लागलेली नाही.
सगळा चेहरा जसाच्या तसा,
आणि ती कॅमेऱ्याकडे अशी बघते
जशी भाव पक्का झाल्यावर दुकानदाराकडे बघावं.

दुसऱ्या दिवशी यार्डात
आक्काताई ऐवळेंना मी पहिल्यांदाच विचारलं,
"मावशी, कसा काढू?"
इतके दिवस नुसती काढत होते.
"थांब," म्हणाली, "तोंड धुऊन येते."

पोटात धस्स झालं.
ते पिवळं! पापण्यांवरचं, ओठांवरचं,
ज्यासाठी मी साडेसहाची एसटी धरली होती,
ते नळाखाली चाललं होतं, साबणाच्या चिपटीनं.
ऊनही सरकलं. हमाल हसले.
ती आली, पावडर लावून, पदर नीट करून,
पोत्यावर ताठ बसली, गुडघे जुळवून.
"हं. आता काढ. बँकेत लावाय येईल असा."

मी काढला. समोरून, सरळ. मागे बंद शटर.
फक्त डाव्या कानाच्या घडीत
हळदीची एक बारीक रेघ राहिलेली.
सर बराच वेळ बघत राहिले.
"हा कुणासारखा?"
"बेडग्यांसारखा."
त्यांना बेडगे माहीत नव्हते. मला बरं वाटलं.

रेघेवर मात्र माझा जीव जडला होता.
ती रेघ मला आरशात दात घासतानाही दिसायची.

शनिवारी प्रत द्यायला गेले.
आक्काताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला,
पदरानं काच नसलेली काच पुसली.
"चांगला आलाय," म्हणाली. मग अंगठा कानापाशी थांबला.
"हळद ऱ्हायली बघ गं हितं.
काढता येत न्हाई व्हय?"

परतताना पेठेत उतरले.
सन्मती कुणाच्यातरी सातबाऱ्याच्या प्रती मोजत होता.
मी विचारलं, आजोबांची एखादी पेन्सिल
कुठे उरलीय का.